गुंफणीतील उजवे-डावे

उजवा व डावा हात यांची घडण एकच. तथापि एकाचा हातमोजा दुसऱ्यास चढत नाही. आरशातील प्रतिमेशी एकरूप न होण्याच्या या गुणास आपण हातभेद म्हणू. रेणूंतही तो असतो, हे १८४८ साली पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक निवडून दाखविले. आमच्या नेपानगरच्या ज्या गिरणीचे १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रार्पण झाले, तिच्या कागदाचा मुख्य घटक सेल्युलोज; त्याच्या माळेतील ग्लुकोजचा प्रत्येक मणी एकाच हाताचा असतो.

सजीव सृष्टी अशी एकहाती असल्यामुळे हा भेद केवळ कौतुकाचा राहत नाही. पुदिना व बाळंतशेपा यांच्या गंधांतील कार्व्होन ही परस्परांची प्रतिबिंबे होत. नाकास मात्र ती दोन निराळी द्रव्ये वाटतात. औषधातही एक हात गुणकारी व दुसरा निरुपयोगी, क्वचित अपायकारकही ठरतो.

सामान्यतः हातभेद एखाद्या अणूभोवतीच्या मांडणीत असतो. परंतु रेणू साखळीच्या कड्यांप्रमाणे नुसते गुंफताही येतात. १९८३ साली स्ट्रासबुर्ग येथे सोवाज यांनी तांब्याच्या आयनाच्या आधाराने अशा कड्या घडविण्याची सुकर रीत दाखविली; स्टॉडार्ट व फेरिंगा यांच्यासह त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एक बांगडी घेऊन तिच्या काठावर फिरता बाण काढावा व तीतून पेन्सिल ओवावी. टोकाकडून पाहता बाण एकतर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरेल, नाहीतर उलट. या दोन रचना परस्परांची प्रतिबिंबे होत. सुटी बांगडी उलटविली की आपल्या प्रतिबिंबासारखीच होते. सुट्या पेन्सिलीसही हातभेद नाही. तो उपजतो दोहोंच्या गुंफणीतून. ही बांगडी म्हणजे वलयाकार रेणू व पेन्सिल म्हणजे दोन्ही टोकांस गाठ असलेला रेणुदंड. या जोडीस रोटॅक्सेन म्हणतात.

अडचण अशी की साध्या रीतीने दोन्ही हात सारखेच निपजतात, आणि प्रतिबिंबे सहजासहजी वेगळी होत नाहीत. २०१४ साली इंग्लंडमध्ये बोर्डोली व गोल्डअप यांनी युक्ती योजिली. दंडाच्या एका टोकास त्यांनी निसर्गदत्त, एकहाती शर्करेची गाठ दिली. वलयात बसलेल्या तांब्याने दंडाचे दोन अर्ध वलयाच्या आतच जोडले. शर्करेचा हात दोन्ही रचनांत एकच राहिल्याने त्या आता परस्परांची प्रतिबिंबे उरल्या नाहीत. त्यांचे गुणधर्म भिन्न झाले व त्या नेहमीच्या पद्धतीने वेगळ्या करता आल्या. मग शर्करा काढून हातभेदरहित गाठ बसविली. शर्करा गेली, तरी गुंफणीचा हात कायम राहिला.

२०२० साली गोल्डअप यांनीच असा एकहाती रोटॅक्सेन सोन्याच्या अणूशी जोडून उत्प्रेरक म्हणून वापरला. त्यायोगे बनलेल्या द्रव्यातही एका हाताचे आधिक्य आढळले. घटकांत नसलेला आणि केवळ त्यांच्या संबंधात असलेला गुणही कार्यकारी ठरतो, याची ही साक्ष होय.