साखर कारखान्याने काय मोजावे?

उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणी असते. साखर तयार होताना ते वाफेच्या रूपाने वेगळे होते. ही वाफ थंड करून मिळणारे पाणी पुन्हा वापरल्यास कारखान्याला नदी-कालव्यातून फारसे पाणी घ्यावे लागत नाही. मात्र वार्षिक अहवालात केवळ लावलेल्या रोपांची संख्या दिल्यास, हे पाणी वाचले की वाया गेले, याचा बोध होत नाही. शाश्वत विकासाची मोजमापे थोडी असावीत, पण नेमकी असावीत.

मोजमाप उत्पादनाशी निगडित असणे, ही पहिली कसोटी होय. दुष्काळी वर्षी ऊसच कमी आला, तर पाण्याचा एकूण वापर आपोआप घटतो; ती काटकसर नव्हे. यासाठी गाळलेल्या टनामागे बाहेरून किती लिटर पाणी घेतले, ते नोंदवावे.

दुसरी कसोटी अशी की, हानी जेथे संभवते तेथेच मोजणी व्हावी. कारखान्याबाहेर जाणाऱ्या सांडपाण्याचे प्रमाण व त्याची जैवरासायनिक प्राणवायूची गरज तपासावी. ही गरज अधिक असल्यास ओढ्यातील विरघळलेला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

तिसरी कसोटी माणसांची. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ अन्वये, वेगळा करार नसल्यास, उसाची किंमत चौदा दिवसांत देणे आवश्यक आहे. किती टक्के रक्कम मुदतीत दिली, हा आकडा कारखान्याचा कारभार स्पष्ट करतो. ऊसतोड कामगारांच्या अपघातांचीही नोंद असावी.

चौथी कसोटी कुंपणाबाहेरची आहे. उसामागील पाण्याचा फार मोठा भाग शेतातच खर्च होतो. ठिबक सिंचनाने टनामागील पाणी कमी झाले, परंतु वाचलेल्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढले, तर विहिरी पूर्वीप्रमाणेच आटतात. म्हणून कार्यक्षेत्रातील पाण्याचा एकूण उपसाही पाहिला पाहिजे.

बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना ‘सेबी’ने २०२२-२३ पासून शाश्वतता अहवाल बंधनकारक केला. सहकारी कारखाने भाग बाजारात सूचिबद्ध नसल्याने या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. तेथे हा हिशेब मागण्याचा अधिकार सभासदांचा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत साखर उताऱ्याच्या आकड्याशेजारी टनामागील पाण्याचा आकडाही मांडला जावा. गावच्या विहिरीचे भवितव्य त्या आकड्याशी जोडलेले आहे.