गर्भपाताचा कायदा आणि पापाची भाषा

धाराशिव शहरातील, किंवा तुळजापूर, उमरगा, कळंब यांसारख्या तालुक्याच्या गावांतील कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात पाऊल टाकताच एक पाटी नजरेस पडते. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे, असा तिचा आशय असतो. ही पाटी कायद्यानेच बंधनकारक केलेली आहे आणि ते योग्यही आहे. परंतु याच देशात १९७१ पासून आणखी एक कायदा आहे. विशिष्ट परिस्थितीत, ठरावीक मुदतीच्या आत, पात्र डॉक्टरकडून गर्भपात करून घेण्याची मुभा तो स्त्रीला देतो. त्या कायद्याची ओळख करून देणारी पाटी मात्र क्वचितच आढळते. परिणामी गर्भपात म्हणजे भ्रूणहत्या आणि भ्रूणहत्या म्हणजे गुन्हा, असे समीकरण सुशिक्षितांच्याही मनात घट्ट बसले आहे. वस्तुतः एक गोष्ट निषिद्ध आहे आणि दुसरी कायदेशीर आहे. या दोहोंची गल्लत का झाली, हे समजून घ्यावयाचे तर धर्म, कायदा आणि राजकारण यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास तपासावा लागतो.

धर्म एकमुखाने बोलत नाही

भ्रूणहत्येची गणना धर्मशास्त्राने घोर पातकांत केली, हे खरे आहे. परंतु प्राचीन सूत्रग्रंथांत ‘भ्रूण’ हा शब्द काही ठिकाणी वेदवेत्त्या ब्राह्मणासाठीही योजलेला आढळतो. त्यामुळे प्रत्येक वचनाचा आजचा अर्थ लावणे धोक्याचे असते. सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाचे जे प्रकरण आहे, त्यात जिवंत गर्भावर शस्त्र चालवू नये असे सांगताना माता आणि मूल या दोघांच्याही जिवाची चिंता वाहिलेली आहे. शिवाय हिंदू समाजात या पातकाचा न्याय करणारे एखादे सर्वोच्च धर्मपीठ नव्हते. पातक ग्रंथात राहिले आणि त्याची शिक्षा जातीने आपल्या सोयीप्रमाणे दिली.

अन्य धर्मांचीही हीच कथा आहे. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि येथे हिंदू व मुसलमान शतकानुशतके शेजारी नांदत आले आहेत. मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांतील हनफी परंपरेच्या अनेक पंडितांनी गर्भात प्राण येण्यापूर्वी, म्हणजे १२० दिवसांच्या आत, सबळ कारण असल्यास गर्भपात क्षम्य मानला. त्यानंतर मात्र मातेचा जीव वाचविण्यापुरतीच सवलत ठेवली. ख्रिस्ती धर्माचा थोर पंडित थॉमस अक्वायनस यानेही गर्भात मानवी आत्मा काही काळानंतर प्रवेश करतो असे मानले होते. हा भेद कॅथलिक चर्चने आपल्या शिक्षेच्या नियमांतून १८६९ मध्ये, पोप नववे पायस यांच्या काळात, काढून टाकला. तेव्हा ‘धर्माचे सनातन मत’ म्हणून जे पुढे केले जाते, ते पुष्कळदा एका विशिष्ट काळाचे मत असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

विधवेला शिक्षा, पुरुषाला अभय

या देशात गर्भपाताला गुन्हा ठरविले ते इंग्रजी राजवटीने. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ३१२ व्या कलमाने, स्त्रीचा जीव वाचविण्याचा हेतू नसेल तर, गर्भपात करणारा आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्री या दोघांनाही शिक्षेस पात्र ठरविले. व्हिक्टोरियन इंग्लंडची नीतिकल्पना आणि येथील उच्चवर्णीयांची विधवेविषयीची कठोरता यांची अशी गाठ पडली. पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता दिली होती. परंतु जातीने ती दिली नव्हती. तरुण विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे वैदूची औषधे, विहीर किंवा नवजात अर्भकाचा घात, एवढेच मार्ग उरत.

या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने प्रथम पाहिले ते जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि विधवांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे असे आवाहन केले. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी पुढे दत्तक घेतला. स्त्रीने कोणते पाप केले, हा फुल्यांचा प्रश्न नव्हता. तिला या कड्यापर्यंत कोणी लोटले, हे ते विचारीत होते. पुढे १८७५ च्या सुमारास पंढरपुरातही अशा मुलांसाठी आश्रम उभा राहिला आणि प्रार्थना समाजाने तो चालविला. पंढरपूर त्या वेळी इंग्रजी मुलखात होते, तर धाराशिव निजामी मुलखात. परंतु गोरोबाकाकांच्या तेर गावच्या वारकऱ्याला ती सरहद्द कधी जाणवली नाही. ज्या क्षेत्री तो पुण्य जोडण्यास जात होता, त्याच क्षेत्री समाजाने टाकलेली अर्भकेही येत होती.

१८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. अपिलात ती शिक्षा कमी झाली. पण वृत्तपत्रांतून विधवांच्या दुराचारावर बराच काथ्याकूट झाला. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध केले आणि शिक्षा एकटीलाच का, असा रोखठोक सवाल पुरुषजातीला केला. त्या प्रकरणात पुरुष कोण होता, याची चौकशी करण्याची गरज ना न्यायालयाला वाटली ना धर्ममार्तंडांना.

पापाची जागा लोकसंख्येने घेतली

विसाव्या शतकात चर्चेचा सूर पालटला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. या कामापायी त्यांना नोकरीवर पाणी सोडावे लागले आणि खटलेही सोसावे लागले. महात्मा गांधींचा कृत्रिम साधनांना विरोध होता. संयम हाच त्यांचा मार्ग होता. याउलट १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला तेव्हा त्याच्या पाठीशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. तो ठराव फेटाळला गेला. परंतु वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीच्या देहाची होणारी हानी हा सार्वजनिक प्रश्न आहे, ही गोष्ट त्यामुळे नोंदली गेली.

स्वातंत्र्यानंतर शासनाने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. १९६४ मध्ये महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने समिती नेमली. चोरून केलेल्या गर्भपातांत स्त्रिया मृत्युमुखी पडतात, म्हणून कायदा सैल करावा, असा निष्कर्ष समितीने १९६६ च्या अखेरीस मांडला. १९७१ मध्ये संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. मराठवाडा त्या वर्षी भीषण दुष्काळाच्या तोंडी होता.

अमेरिकेत याच प्रश्नावरून पुढे पन्नास वर्षे राजकारण पेटले. येथे मात्र कायदा तुलनेने सहज झाला. भारतीय समाज अधिक उदार होता म्हणून हे घडले, असा समज करून घेण्याचे कारण नाही. लोकसंख्येला आळा घालण्याची घाई शासनाला झाली होती आणि धर्माच्या नावाने विरोध संघटित करण्यात कोणत्याही पक्षाला लाभ दिसत नव्हता. शासनाची ही घाई किती टोकाची होती, याचा प्रत्यय १९७६ मध्ये आला. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते बारगळले. १९७१ च्या कायद्यानेही स्त्रीला हक्क दिला नाही. त्याने डॉक्टरला परवानगी दिली आणि निर्णयाचे अंतिम माप त्याच्या हाती ठेवले.

यंत्र आले आणि शब्द परतला

पुढे गर्भजल परीक्षा आणि तिच्यामागून सोनोग्राफी आली. मुलगाच हवा या जुन्या हव्यासाला नवे यंत्र मिळाले. १९८० नंतरच्या दशकात मुंबईतील स्त्री-संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी याविरुद्ध आवाज उठविला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्या कार्यकर्त्यांनी एक पथ्य आवर्जून पाळले होते. विरोध लिंगनिवडीला आहे, गर्भपाताच्या सोयीला नव्हे, असे ते पुन्हापुन्हा सांगत.

हे पथ्य पुढे सुटले. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ८९४ आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात अवघी ८०७ भरली. धाराशिव जिल्हाही राज्याच्या सरासरीखालीच होता. २०१२ मध्ये परळी येथे गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाला, डॉक्टर दांपत्यावर खटला चालला आणि २०१९ मध्ये त्यांना शिक्षा झाली. सारा मराठवाडा हादरला, आणि तो हादरणे आवश्यकच होते. परंतु त्यानंतर भिंतींवर, भाषणांत आणि कीर्तनांत जो शब्द सर्वत्र घुमू लागला तो होता ‘स्त्रीभ्रूणहत्या’. आई तुळजाभवानीच्या जिल्ह्यात लेकीचा जीव घेता काय, हा प्रश्न मनाला भिडणारा होता. त्याने काही घरांत मुलगी वाचलीही असेल. तथापि या शब्दाने हत्येचे पातक प्रत्येक गर्भपाताला चिकटविले. मुलगी नको म्हणून दडपण आणणारे घर, पैशासाठी लिंग सांगणारा डॉक्टर आणि हुंड्याची रीत हे खरे अपराधी मागे राहिले आणि आरोपीच्या पिंजऱ्यात पुन्हा स्त्रीच उभी राहिली.

याचे व्यावहारिक परिणाम गंभीर आहेत. चौकशीचा ससेमिरा नको म्हणून औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवण्यास कचरतात. काही डॉक्टर कायदेशीर गर्भपातही टाळतात. काही नवऱ्याची सही मागतात. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्याला पुरेशी आहे. नवऱ्याच्या सहीची अट त्यात नाही. परंड्याची किंवा भूमची मजूर स्त्री मग मजुरी बुडवून बार्शीला नाही तर सोलापूरला जाते. किंवा जाण्याचे टाळते आणि दिवस वाढू देते. येथे एक साधी गोष्ट विसरली जाते. गर्भपाताच्या गोळ्या नवव्या आठवड्यापर्यंत देता येतात. त्या काळात सोनोग्राफीने गर्भाचे लिंग सांगताच येत नाही. म्हणजे लवकर होणारा, सुरक्षित गर्भपात अडविल्याने मुली वाचतात असे नाही. उलट स्त्रीवर उशिराच्या आणि अधिक धोक्याच्या गर्भपाताची पाळी येते.

दूरदेशीचा धडा

श्रद्धेचे कायद्यात रूपांतर झाले म्हणजे काय होते, हे इतरत्र दिसून आले आहे. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट या प्रभावी पंथाने १९७१ मध्ये काही परिस्थितीत गर्भपाताला मुभा असावी असा ठराव केला होता. १९७३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मान्य केला. परंतु दहा वर्षांच्या आत तोच पंथ विरोधकांच्या आघाडीत गेला, कारण मधल्या काळात हा प्रश्न मते गोळा करण्याचे साधन बनला होता. २०२२ मध्ये तो हक्क न्यायालयानेच काढून घेतला. आयर्लंडमध्ये १९८३ मध्ये राज्यघटनेतच बंदी घालण्यात आली होती. बेळगावहून तेथे गेलेल्या सविता हलप्पनवार या दंतवैद्य तरुणीचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावरही, गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टर थांबले आणि २०१२ च्या ऑक्टोबरात जंतुदोषाने तिचा मृत्यू झाला. त्या मृत्यूने तो देश अंतर्मुख झाला आणि २०१८ च्या सार्वमतात सुमारे ६६ टक्के मतदारांनी बंदी उठविली.

भारतात सुदैवाने पावले पुढे पडली आहेत. २०२१ च्या दुरुस्तीने विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे ठरविले आणि विशिष्ट स्त्रियांसाठी मुदत चोविसाव्या आठवड्यापर्यंत वाढविली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुदतवाढीच्या बाबतीत विवाहित आणि अविवाहित असा भेद नाकारला. तथापि २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सव्वीस आठवड्यांच्या गर्भवती विवाहितेची विनंती अमान्य केली. अंतिम निर्णय अजूनही स्त्रीखेरीज इतर कोणाच्या तरी हाती आहे, हेच यावरून दिसते. एके काळी तो धर्माच्या नावाने जात घेत होती. नंतर शासनाने लोकसंख्येच्या आकड्यासाठी घेतला आणि यंत्र आल्यावर वंशाच्या दिव्यासाठी घराने घेतला.

धाराशिवची गणना २०१८ मध्ये केंद्राने ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत केली. म्हणजे आरोग्य आणि शिक्षण या क्षेत्रांत त्याला बरीच मजल मारावयाची आहे. ही वाट दाखविणारी माणसेही येथेच आहेत. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतील स्त्रियांनाच शिकवून ‘भारतवैद्य’ बनविले आणि आरोग्याचे ज्ञान घराच्या उंबरठ्यापर्यंत नेता येते हे सिद्ध केले. असे ज्ञान गर्भपाताच्या कायद्याविषयीही पोचले पाहिजे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात प्रशिक्षित डॉक्टर आणि ही सेवा उपलब्ध असणे हे शासनाचे काम आहे. भाषा सुधारणे मात्र शिक्षकांचे, कर्मचाऱ्यांचे आणि विद्यार्थ्यांचे काम आहे. जे निंद्य आहे त्याला ‘गर्भलिंगनिवड’ असे त्याच्या खऱ्या नावाने संबोधावे आणि त्याविरुद्ध तसूभरही ढिलाई करू नये. परंतु अडचणीत सापडलेल्या स्त्रीच्या कायदेशीर उपचाराला हत्येचे नाव देऊ नये. जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी आपल्या दाराशी आलेल्या स्त्रीला प्रथम आसरा दिला होता, आणि तिच्या पापपुण्याचा हिशेब मांडण्याचा अधिकार समाजाला आहे हे त्यांनी कधीच मान्य केले नव्हते.