हात मोकळे, पण डोकं?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी दुसरी गाडी आली. आली म्हणजे काय, आणावी लागली. कन्येला सतरावं लागलं, तिचं प्रोव्हिजनल लायसन्स हातात पडलं आणि "बाबा, माझ्या सगळ्या मैत्रिणींकडे..." हे वाक्य रोज जेवणाच्या टेबलावर वाढलं जाऊ लागलं. शेवटी एक छोटी, २००८ सालची सेकंडहँड गाडी घेतली. योगायोगाने कन्याही त्याच सालची. गाडीत रेडिओ आहे, सीडी प्लेअर आहे, पण फोनची काहीही सोय नाही. सौ.ने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "तिच्या हातात फोन दिसता कामा नये. तुम्ही इंजिनिअर ना? मग बसवा काहीतरी."

मंडळी, हे "काहीतरी" मी पूर्वी एकदा बसवलेलं आहे. तेव्हा जे शिकलो ते वायरिंगपुरतंच नव्हतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी इथे आलो २००३ च्या सप्टेंबरमध्ये, लीड्सला एम.एस्सी. करायला. खिशात कॉलिंग कार्ड, त्यावरचा नंबर खरवडायचा आणि रविवारी सांगलीला फोन लावायचा, असे ते दिवस. त्याच वर्षी १ डिसेंबरला ब्रिटनमध्ये गाडी चालवताना हातात मोबाईल धरण्यावर बंदी आली. दंड होता ३० पौंड. मला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण गाडीच नव्हती! २००७ मध्ये दंड ६० पौंड झाला आणि लायसन्सवर ३ पॉइंट्स आले. २०१३ मध्ये १०० पौंड आणि १ मार्च २०१७ पासून २०० पौंड व ६ पॉइंट्स. २५ मार्च २०२२ पासून तर फोन हातात घेऊन फोटो काढणं, गाणी शोधणं, नुसतं स्क्रीनवर बोट फिरवणं, सगळंच गुन्हा ठरलं. सिग्नलला थांबलात किंवा ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी सुटका नाही.

आता नव्या ड्रायव्हरचं गणित बघा. परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ६ पॉइंट्स झाले की लायसन्स रद्द! पुन्हा प्रोव्हिजनल, पुन्हा थिअरी, पुन्हा टेस्ट. म्हणजे एकदा हातात फोन घेतलेला पोलिसाने पाहिला की संपलं. हे कन्येला समजावून सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गंभीर झाली.

गाडीतला फोन ही कल्पना मात्र नवी नाही. इथल्या पोस्ट खात्याने १९५९ मध्ये साउथ लँकेशरमध्ये गाडीतल्या रेडिओफोनची सेवा सुरू केली होती. फोन ऑपरेटरमार्फत जोडला जायचा. १ जानेवारी १९८५ ला व्होडाफोनचं जाळं सुरू झालं आणि सेल्युलर फोन आला. सुरुवातीचे बरेचसे फोन गाडीतच बसवलेले असत, कारण ते हातात धरून फिरणं म्हणजे वीट घेऊन फिरण्यासारखं होतं. भारतात मोबाईल आला तो ३१ जुलै १९९५ ला. ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना पहिला फोन केला. आमच्या सांगलीत तेव्हा घरचा लँडलाइन फोन मिळाला तरी पेढे वाटत होते.

एक शनिवार, एक डॅशबोर्ड

तर कामाला सुरुवात. जुन्या गाडीत हँड्सफ्रीचे तीन मार्ग आहेत. पहिला, उन्हाच्या झडपेला अडकवायचा छोटा स्पीकर. दुसरा, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा एफएम ट्रान्समीटर. तो फोनचा आवाज रेडिओवर पाठवतो. इथे तो डिसेंबर २००६ पर्यंत बेकायदा होता, आता ५० नॅनोवॅटपर्यंत परवानगी आहे. पण शहरात मोकळी फ्रिक्वेन्सी मिळणं कठीण, आणि मध्येच कुणाचं तरी रेडिओ स्टेशन आपल्या आईच्या आवाजात मिसळतं. तिसरा मार्ग म्हणजे रेडिओच्या मागे कायमचं ब्लूटूथ किट बसवणं. आम्ही तिसरा पत्करला.

पायरी पहिली: रेडिओचा चार आकडी कोड शोधा. तो नसेल तर बॅटरी काढल्यावर रेडिओ मुका होईल. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि थोडा वेळ थांबा, चहा प्या. हे आळसापायी सांगत नाही. एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ चार्ज शिल्लक राहतो. पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही.

पायरी दुसरी: रेडिओ बाहेर काढणे. आमच्या रेडिओच्या पुढच्या बाजूला चार बारीक भोकं होती. त्यात यू आकाराच्या दोन किल्ल्या सारल्या, जरा बाहेरच्या बाजूला ताणल्या, की रेडिओ ड्रॉवरसारखा बाहेर येतो. मागे दोन ठोकळे असतात, प्रत्येकी आठ पिनांचे. एक विजेचा, दुसरा चार स्पीकरचा. ही रचना आयएसओ १०४८७ या प्रमाणाची, त्यामुळे किटची वायर मध्ये जोडता येते. म्हणजे गाडीचा ठोकळा किटमध्ये आणि किटचा ठोकळा रेडिओत. एकही वायर कापावी लागत नाही. फोन आला की किट रेडिओला गप्प करतं आणि बोलणाऱ्याचा आवाज पुढच्या स्पीकरवर देतं.

विजेच्या ठोकळ्यात तीन पिना महत्त्वाच्या. प्रमाणानुसार ४ नंबरवर कायम १२ व्होल्ट, ७ नंबरवर फक्त किल्ली फिरवल्यावर १२ व्होल्ट आणि ८ नंबर अर्थ. पण काही कंपन्या आपल्या गाड्यांमध्ये ४ आणि ७ ची अदलाबदल करतात. इथेच माझं पूर्वीचं प्रकरण घडलं होतं.

२००६ मध्ये मी पहिली गाडी घेतली आणि मोठ्या आत्मविश्वासाने किट बसवलं. फोन उत्तम चालला. ख्रिसमसच्या सुट्टीत गाडी चार दिवस उभी होती. पाचव्या दिवशी किल्ली फिरवली तर नुसतं "टक्". शेजाऱ्यांनी जंप लीड्स लावून गाडी सुरू करून दिली. नंतर मल्टिमीटर लावला तेव्हा कळलं, किल्ली काढली तरी किट जागंच! ०.३ अँपिअर ओढत होतं. दिवसाला ७ अँपिअर-तास, चार दिवसांत २८ च्या वर. बॅटरी ४४ ची, जुनी, त्यात थंडी. बिचारी किती टिकणार? लाल आणि नारिंगी वायरींची अदलाबदल केली आणि प्रश्न मिटला. पाच मिनिटांचं मोजमाप आधी केलं असतं तर! तेव्हा यंदा कन्येच्या हातात मल्टिमीटर दिला आणि सांगितलं, पुस्तकावर विश्वास ठेवू नकोस, पिनेवर ठेव. मोजताना बॅटरी तात्पुरती जोडली आणि मोजून झाल्यावर पुन्हा काढली.

पायरी तिसरी: मायक्रोफोन. तो काचेवर गरम हवा फेकणाऱ्या जाळीपासून लांब आणि तोंडाच्या दिशेने हवा. आम्ही तो आतल्या दिव्याजवळ बसवला. वायर खांबाच्या आवरणाआडून खाली आणली. तिथे पडद्यासारखी एअरबॅग असू शकते, म्हणून वायर तिच्या मागून न्यायची, पुढून कधीही नाही. बटणांचा छोटा डबा अशा जागी लावायचा की तो समोरचा रस्ता झाकणार नाही आणि एअरबॅगच्या वाटेत येणार नाही. आणि हा बदल विमा कंपनीला कळवून टाकावा.

कन्येने एक चांगला प्रश्न विचारला. "बाबा, आजीचा आवाज स्पीकरमधून येणार, तो माईकमध्ये जाणार, मग आजीला तिचाच आवाज ऐकू येणार ना?" बरोबर! आपल्या गणपतीच्या कार्यक्रमात माईक स्पीकरसमोर आला की "कूंऽऽऽ" होतं, त्याचाच हा भाऊबंद. किटमधली चिप काय करते, तर आजीचा आवाज स्पीकरवर पाठवतानाच त्याची नोंद ठेवते, तो माईकपर्यंत किती उशिराने आणि किती बदलून पोचेल याचा अंदाज बांधते आणि तेवढा भाग वजा करते. अंदाज चुकला की स्वतःला सुधारते. या स्वतःला सुधारणाऱ्या गणिताचं मूळ विड्रो आणि हॉफ यांच्या १९६० च्या कामात आहे. एम.एस्सी.ला ते मी पानंच्या पानं उतरवलं होतं. आज ते आमच्या गाडीत आजीसाठी राबतंय, याचं मला फार बरं वाटलं.

दुपारी चारला रेडिओ परत बसला, कोड घातला आणि कन्येने दारात उभ्या गाडीतून सांगलीला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, किती स्पष्ट येतोय आवाज! शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा." वायरमनची मजुरी तिथेच मिळाली.

जंक्शन १४

इथे लेख संपायला हवा. पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती मी त्या संध्याकाळी कन्येला पहिल्यांदाच सांगितली.

फेब्रुवारी २०११. मी ल्यूटनहून मिल्टन कीन्सला घरी येत होतो, एम १ वरून. संध्याकाळचे सहा. म्हणजे तिकडे रात्रीचे साडेअकरा. त्या वेळी सांगलीहून फोन म्हणजे पोटात गोळाच. गाडीत हँड्सफ्री होतं, मी बटण दाबलं. आई बोलत होती. अण्णांच्या छातीत दुखायला लागलं, त्यांना दवाखान्यात नेलंय, डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. मी विचारत होतो, कोण सोबत आहे, पैसे आहेत का, मी निघू का. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. नजर समोर होती. कायद्याने मी अगदी निर्दोष.

फोन संपला तेव्हा समोर न्यूपोर्ट पॅग्नेल सर्व्हिसेसची पाटी होती. जंक्शन १३ आणि १४ दोन्ही मागे गेली होती आणि मला त्यांतलं काहीही आठवत नव्हतं. किती लेन बदलल्या, पुढे कोण होतं, कुणी ब्रेक मारला का, काहीच नाही. सर्व्हिसेसमध्ये गाडी लावली आणि बराच वेळ हात थरथरत होते. अण्णांच्या काळजीने किती आणि या भीतीने किती, ते सांगता येणार नाही. अण्णा त्यातून उठले आणि पुढे आठ वर्षं बागेत पाणी घालत राहिले. पण त्या पंधरा-वीस मिनिटांत आईला दुसरा फोनही जाऊ शकला असता.

नंतर मी वाचायला लागलो. १९९७ मध्ये रेडेलमायर आणि टिब्शिरानी यांचा टोरांटोमधला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट, आणि हँड्सफ्रीचा त्यात फायदा दिसला नाही. इथल्या क्रोथोर्नच्या टीआरएल प्रयोगशाळेने २००२ मध्ये सिम्युलेटरवर चाचण्या घेतल्या. ७० मैलांच्या वेगात ड्रायव्हरची प्रतिक्रिया होईपर्यंत गाडी नेहमीच्या स्थितीत ३१ मीटर गेली, कायद्याच्या मर्यादेइतकी दारू घेतल्यावर ३५, हँड्सफ्रीवर ३९ आणि हातात फोन धरून ४५. म्हणजे हँड्सफ्री हातातल्या फोनपेक्षा बरं, पण दारूच्या मर्यादेपेक्षा वाईट! २०१९ मध्ये संसदेच्या वाहतूक समितीने हँड्सफ्रीवरही बंदीचा विचार करा असं सुचवलं. सरकारने ते मानलं नाही. आजही हँड्सफ्री कायदेशीर आहे, मात्र गाडीवरचा ताबा सुटला तर पोलीस कारवाई करू शकतातच.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं वेगळं. पुढे लॉरी आडवी आली की तोही गप्प होतो. सांगलीतल्या आईला लॉरी दिसत नाही. आणि आपल्यासारख्यांचे फोन हे नुसते "दूध आण" असे नसतात. पाच हजार मैलांवरून येणाऱ्या प्रत्येक फोनबरोबर आपलं मन तिकडे जातं. रस्त्यावर उरतं ते फक्त शरीर.

"मग बसवलं कशाला हे?" कन्येने विचारलं. मी म्हटलं, नकाशाच्या सूचना ऐकायला, आणि एक वाक्य बोलायला: "गाडीत आहे, थांबून फोन करते." तेवढंच. आपोआप फोन उचलण्याची सोय आम्ही बंदच ठेवली आहे. आईलाही आता सवय झालीय. तिचा पहिला प्रश्न "जेवलास का?" नसतो, "गाडीत आहेस का रे?" असतो. "हो" म्हटलं की ती स्वतःच फोन ठेवते.

परवा कन्येच्या शेजारी बसून सरावाला निघालो होतो. गाडीला एल ची पाटी. माझ्या खिशात फोन वाजला, मी सवयीने बाहेर काढला. ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, ठेव तो. शिकवणाऱ्यालाही तोच कायदा आहे. सहा पॉइंट्स."

खरंच आहे तसा कायदा. मी मुकाट्याने फोन खिशात घातला. पुढच्या ले-बायमध्ये तिने गाडी व्यवस्थित उभी केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि म्हणाली, "हं, आता लाव आजीला."