पोटातलं पाणी हललं नाही, पण...

प्रवास कसा झाला, असं कुणी विचारलं की आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तो एकाच मापाने मोजतात. पोटातलं पाणी हललं की नाही! एसटीने जाऊन आल्या की, ‘पार घुसळून निघालं बाई.’ दिराच्या मोटारसायकलवरून आल्या की, ‘पाणी कसलं, आतडी हलली.’ आजवर त्यांच्या या परीक्षेत एकही वाहन पास झालेलं मी पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी एक झालं. त्याचीच ही गोष्ट.

दिवाळीनंतर आत्याबाई न्हाणीत घसरल्या. मणक्याला चीर गेली. नगरच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, पडून राहायला सांगितलं आणि दीड महिन्याने पुन्हा दाखवायला या म्हणाले. निघताना सहज बोलल्यासारखं म्हणाले, ‘हाडं ठिसूळ झालीत. गाडीत धक्के बसू देऊ नका.’

आता मैत्रिणींनो, आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. नगर (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी अजून नगरच) पन्नासेक किलोमीटर. मध्ये करंजी घाट. गतिरोधक किती ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. धक्के न देणारी गाडी आणायची कुठून? पहिल्या खेपेला गावातली जीप सांगितली होती. आत्याबाईंना आडवं होता यावं म्हणून मागच्या बाकावर गोधड्या अंथरल्या. तीच चूक झाली, हे मला नंतर कळलं. मागचा बाक म्हणजे थेट मागच्या चाकावर! प्रत्येक खड्ड्याला ‘आई गं’ आणि प्रत्येक गतिरोधकाला माझ्या मनगटावर त्यांची नखं. घरी येऊन पाहिलं, तर मनगट निळं पडलं होतं.

दुसऱ्या खेपेला माझ्या नणंदेचा मुलगा धावून आला. तो पुण्यात एका उद्योजकांकडे ड्रायव्हर आहे. आजीचं ऐकून साहेबांनी रविवारपुरती आपली गाडी दिली. चांगली जर्मन, उंचच उंच, दारासमोर उभी राहिली तर आमचा ओटा ठेंगणा वाटावा. मी मनात म्हटलं, आत्याबाई चढणार कशा हिच्यात? भाच्याने एक बटण दाबलं आणि गाडी चक्क खाली बसली. उंटासारखी! आत्याबाई अलगद आत बसल्या, गाडी पुन्हा उठली.

अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं, ‘घाट कधी लागायचा?’

‘आजी, घाट मागे पडला,’ भाचा म्हणाला.

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. माझं मनगट मात्र मोकळं होतं.

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. बाहेर चहा पिताना मी भाच्याला धरलंच. ‘हे काय गौडबंगाल आहे रे?’ तो म्हणाला, ‘मामी, कुठल्याही गाडीखाली दोन गोष्टी असतात. स्प्रिंग नाहीतर कमानपाटे आणि शॉकअप. स्प्रिंग धक्का झेलते. पण नुसती स्प्रिंग असेल, तर एका खड्ड्यात गाडी पाळण्यासारखी झुलत राहील. ते झुलणं शॉकअप थांबवतो. त्यात तेल असतं, ते बारीक भोकातून जाताना अडतं. बस्स, एवढंच.’

मग अडचण कुठे आहे? तर स्प्रिंग मऊ ठेवली की खड्डा जाणवत नाही, पण वळणावर गाडी कलंडल्यासारखी होते. कडक ठेवली की वळणावर भक्कम, पण खड्ड्यात मणके मोजून घ्या. उंच, जड आणि वर पळायलाही जोरदार अशा गाड्यांना हा पेच सगळ्यात जास्त. त्यावर इंजिनिअर लोकांनी पायऱ्यापायऱ्यांनी उत्तरं शोधली. स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे आले. मग शॉकअपमधली तेलाची वाट संगणकाने क्षणात लहान-मोठी करायची, म्हणजे तोच शॉकअप खड्ड्यात मऊ आणि वळणावर कडक. याला म्हणतात सेमी-अ‍ॅक्टिव्ह, अर्धं काम करणारं. आणि पूर्ण अ‍ॅक्टिव्ह म्हणजे काय? तर प्रत्येक चाकाजवळ जोर लावणारी यंत्रणा असते. खड्डा आला की ती आपल्या ताकदीने चाक खाली दाबते, उंचवटा आला की वर ओढून घेते. मर्सिडीजने १९९९ मध्ये आपल्या एका कूपे गाडीत असं अ‍ॅक्टिव्ह बॉडी कंट्रोल दिलं. २०१८ मध्ये त्यांच्या जीएलई या एसयूव्हीत त्याची नवी आवृत्ती आली. तिच्यात कॅमेरा पुढचा रस्ता आधीच बघून ठेवतो.

हे ऐकता ऐकता मला हसूच आलं. भाचा म्हणाला, ‘काय झालं मामी?’ मी म्हटलं, ‘अरे, हे तर आम्ही रोज करायचो.’

आठवून बघा. डोक्यावर दोन हंडे, कडेला कळशी आणि वाट दगडगोट्यांची. हंड्याखाली चुंबळ असते, ती आपली स्प्रिंग. पण पाणी काही नुसत्या चुंबळीने राहत नाही. डोळे चार पावलं पुढचा दगड बघतात, तो कॅमेरा. गुडघा वेळेवर वाकतो, कंबर वळते, मान मात्र तिथल्या तिथे. ही झाली अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन! दुष्काळी भागातल्या बायकांनी हे यंत्र वर्षानुवर्षं चालवलं. फरक इतकाच, की त्या गाडीचे सुटे भाग बदलता येतात, आपले गुडघे आणि मणके नाही.

आपल्या नगरला खरं तर या विषयाची मोठी परंपरा आहे. डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था इथेच आहे. मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमानुसार गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांत पुण्याच्या एआरएआयबरोबर तिचंही नाव येतं. मुलांना घेऊन आपण रणगाड्यांच्या संग्रहालयात जातो, ते १९९४ मध्ये सुरू झालं. तिथे १९६५च्या युद्धातला पाकिस्तानचा पॅटन बघताना कधी त्याच्या चाकांकडे लक्ष गेलंय? त्यात वेटोळ्याची स्प्रिंग नाही. पोलादी कांब असते आणि चाक वर उचललं की ती पिळली जाते, आपण ओली गोधडी पिळतो तशी. पीळ सुटला की चाक परत जागेवर. आपल्या देशात बनलेल्या अर्जुन रणगाड्यात त्याऐवजी तेल आणि दाबलेला वायू हे काम करतात.

आणि एक नाव सांगायलाच हवं. अमर बोस. वडील बंगाली स्वातंत्र्यसैनिक, मुलगा अमेरिकेत प्राध्यापक. त्यांच्या कंपनीचे स्पीकर जगभर प्रसिद्ध आहेत. पण याच माणसाने १९८० पासून गाडीच्या धक्क्यांवर संशोधन चालवलं आणि २००४ मध्ये विजेच्या मोटरांवर चालणारं सस्पेन्शन जगाला दाखवलं. त्यांची गाडी अडथळ्यावरून चक्क उडी मारायची! पण ते यंत्र फार जड आणि फार महाग पडलं, त्यामुळे गाड्यांत काही आलं नाही. मात्र त्याच कल्पनेतून २०१० मध्ये लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांसाठी एक आसन निघालं. ज्याची पाठ दिवसभर धक्के खाते, त्याच्यापर्यंत ते पोचलं, हे मला फार आवडलं.

आपल्या शरीराचंही एक गणित आहे. सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा वर-खाली होणारी कंपनं बसलेल्या माणसाच्या धडाला सर्वात जास्त त्रास देतात. उलट सेकंदाला एकदाही पूर्ण होत नाही अशा संथ हेलकाव्यांनी मळमळतं, बोटीत होतं तसं. म्हणून गाडी नुसती मऊ असून भागत नाही. चांगल्या गाडीला या दोन्हींच्या मधली वाट काढावी लागते.

संध्याकाळी घरी आलो. नणंदही आली होती. आत्याबाईंना पलंगावर टेकवलं आणि मी मुद्दाम विचारलं, ‘काय मग, हललं का पाणी?’

‘नाही गं. थेंब हलला नाही.’ मग बराच वेळ आढ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘ही पोटात होती ना तुझी नणंद, सातवा महिना. ट्रकच्या हौद्यात, कोयत्यांच्या आणि भांड्यांच्या गाठोड्यांवर बसून कारखान्यावर गेले होते. रात्रभर. उतरले तेव्हा उभं राहता येईना. तवा वाटलं, जातंय लेकरू.’

खोलीत कुणी बोललं नाही. नणंदेने आईचे पाय चेपायला घेतले.

मैत्रिणींनो, आमच्या पाथर्डी तालुक्यातून आजही बाया ऊसतोडीला जातात. कुणी ट्रकमध्ये, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्याला स्प्रिंग नसतेच आणि अनेक ट्रॉल्यांनाही नसते. चाकाला बसलेला धक्का थेट बसणारीच्या माकडहाडाला. तिकडे खड्डा कॅमेऱ्याने हेरणारी गाडी आणि इकडे ही ट्रॉली. रस्ता मात्र एकच.

हे तंत्र हळूहळू खाली उतरतंय, हेही खरं. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने आणलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या चाकणला बनणाऱ्या गाड्यांत सेमी-अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन आलं. पण ते जीप-ट्रॉलीपर्यंत येईस्तोवर आपण हातावर हात ठेवून का बसायचं? भाच्याने सांगितलेल्या काही गोष्टी बिनखर्चाच्या नाहीतर थोड्या खर्चाच्या आहेत.

दुखणेकरी किंवा गरोदर बाईला कधीही मागच्या चाकावरच्या जागी बसवू नका. दोन्ही चाकांच्या मधली जागा सर्वात कमी उसळते. टायरमधली हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. ते आकडे बहुतेक चारचाकींत ड्रायव्हरच्या दाराजवळ लिहिलेले असतात. हवा जास्त झाली की टायर दगड होतो. गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडा. ती एक-दोनदा हलून थांबली तर ठीक, झुलतच राहिली किंवा शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला तर तो बदलायला झालाय. स्कूटरवर डबलसीट जायचं असेल, तर मागच्या शॉकअपची कडकपणाची खाच मेकॅनिककडून नीट लावून घ्या. आणि मणक्याला इजा झाली असेल, तर प्रवास कसा करायचा हे आधी डॉक्टरांनाच विचारा.

आमच्या बचत गटात मी हे सगळं सांगितलं. त्याच बैठकीत ठरलं, गावच्या जीपमध्ये मधला बाक आधी म्हाताऱ्या आणि गरोदर बायांचा. जीपवाल्याला बोलावून सांगितलं. त्याने जरा कां-कूं केलं. मग एकीने गाडीचा मागचा कोपरा दाबून दाखवला. जीप झुलतच राहिली. पुढच्या आठवड्यात त्याने मागचे दोन्ही शॉकअप बदलले.

परवा आत्याबाई त्याच जीपच्या मधल्या बाकावर बसून नगरला जाऊन आल्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, ‘हललं. पण सांडलं नाही.’