काकूंच्या छताला आमची आंघोळ!

खालच्या मजल्यावर ओल आली की वरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे!’ आम्हीही तेच म्हणत होतो. दोन महिने...

रविवार, सकाळचे साडेआठ. डोक्यावरून पांघरूण ओढून मी पडले होते आणि बेल वाजली. दारात खालच्या काकू. ‘जरा खाली येऊन बघतेस का गं?’

काकूंची ही तिसरी खेप. आधीच्या दोन वेळा मी आणि माझ्या रूममेटने त्यांना आमचं बाथरूम दाखवून ‘बघा ना, कुठे काय गळतंय?’ असं हसतमुखाने पटवून दिलं होतं. या वेळी मात्र खाली गेले आणि माझीच झोप उडाली. त्यांच्या बेडरूमच्या छताला, बाथरूमच्या भिंतीलगत, परातीएवढा ओला डाग. रंगाचे पोपडे सुटलेले. खाली बादली, त्यात टप... टप. आणि ओल थेट ट्यूबलाइटच्या पट्टीपर्यंत पोचलेली. काका गेल्यापासून काकू एकट्याच राहतात. शॉक बसेल या भीतीने आठवडाभर त्यांनी ट्यूब लावलीच नव्हती. टेबललॅम्पवर भागवत होत्या.

इतकी लाज मला आजवर कधी वाटली नसेल.

आमचा फ्लॅट भाड्याचा, कोथरूडमधल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये. घरमालकांना फोन केला तर म्हणाले, ‘आधी नक्की कुठून गळतंय ते शोधा.’ पहिला प्लंबर आला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ‘सगळ्या टाइल्स फोडायला लागतील.’ आकडा ऐकून घरमालकांनी फोन उचलणंच बंद केलं. दुसरे आले ते साठीचे, अनुभवी. त्यांनी हातोडीला हातही लावला नाही. एकच प्रश्न विचारला, ‘ताई, पाणी कधी गळतं?’

वेळ बघा, मग जागा शोधा

त्या प्रश्नातच सगळी मेख होती. पाणी जिथे दिसतं तिथेच गळत असतं असं नाही. जुन्या बिल्डिंग्जमध्ये बाथरूमखालचा स्लॅब थोडा खाली घेतलेला असतो आणि ती खोली विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेली असते. वरून झिरपलेलं पाणी त्या कोब्यात साठतं आणि वाट मिळेल तिथून खाली उतरतं. वरची फरशी मात्र साळसूदपणे कोरडी!

म्हणून वेळ महत्त्वाची. नळाची पाइपलाइन भिंतीत फुटली असेल, तर तिच्यात सतत प्रेशर असल्याने कुणी पाणी वापरो न वापरो, गळती दिवसरात्र चालू राहते. सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीच्या फटी गळत असतील, तर वापर झाल्यावरच ठिबकतं.

काकूंनी वही घेतली आणि आठवडाभर नोंद ठेवली. रोज ठिबकणं सुरू दहाच्या सुमारास, बंद दुपारी. रात्री एक थेंब नाही. ‘रविवारी मात्र दोन वाजता सुरू झालं,’ काकू शांतपणे म्हणाल्या. ‘उशिरा आंघोळ करता ना?’

म्हणजे नळाची लाइन सुटली. आरोपी दोनच उरले, नहाणी ट्रॅप आणि फरशी.

शनिवारी आम्ही दोघींनी सुट्टी सत्कारणी लावली. फरशीवर थेंबही न सांडता, जाळी काढून ट्रॅपमध्ये थेट तीन बादल्या पाणी ओतलं. खाली काकू फोन कानाला लावून पहाऱ्यावर. दोन तास गेले, काही नाही. मग जुनी फडकी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ट्रॅपचं तोंड बंद केलं, बाथरूममध्ये इंचभर पाणी साठवलं आणि भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण केली. ही टेस्ट चोवीस तासांची असते. आम्हाला तीनच तास लागले. पाणी खुणेच्या खाली आलं आणि फोनवर काकू जवळजवळ ओरडल्याच, ‘आलं गं आलं!’ आम्ही लगेच ट्रॅप उघडून पाणी सोडून दिलं. (ही टेस्ट करताना खालच्यांना आधी कल्पना द्या. छतात वायरिंग असेल तर तिथला एमसीबी आधी बंद करायला सांगा.)

जाळीभोवतीचं आणि टाइल्सच्या फटींमधलं व्हाइट सिमेंट झिजून गेलं होतं. अख्खी फरशी फोडायची गरजच नव्हती! फटी खरवडून, सुकवून त्यात इपॉक्सी ग्राउट भरलं. दीड दिवसात काम झालं. काकूंची वही आणि आमचे फोटो बघून घरमालकांनी मुकाट पैसे दिले. द्यायलाच हवे होते, कारण सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची आणि बाहेरच्या कॉमन पाइपलाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची ज्याच्या मालकीचा फ्लॅट त्याने.

एक मात्र लक्षात ठेवा. दुरुस्तीनंतरही कोब्यात मुरलेलं पाणी काही दिवस ठिबकत राहतं. लगेच प्लंबरला शिव्या घालू नका आणि छत पूर्ण सुकल्याशिवाय रंगही लावू नका.

आणि एक सरप्राइज!

त्याच दुपारी गंमत म्हणून फ्लशच्या टाकीत खायचा लाल रंग टाकला आणि अर्धा तास फ्लश केला नाही. कमोडमध्ये लाल पाणी! टाकीतला वॉशर खराब झाला होता. हे पाणी सरळ ड्रेनेजमध्ये जातं, म्हणून कुणाच्या छतावर दिसत नाही. कुणी तक्रार करत नाही, आणि वर्षानुवर्षं वाहत राहतं.

मग बेसिनच्या ठिबकणाऱ्या नळाखाली ग्लास ठेवला. पंधरा मिनिटांत 200 मिलिलिटर. म्हणजे तासाला 800, दिवसाला 19 लिटर आणि महिन्याला 570 लिटरच्या वर! शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात. आमचा एकटा नळ महिन्याला एका माणसाचं चार दिवसांचं पाणी पीत होता. आणि उन्हाळ्यात टँकर आला की नाकं मुरडणाऱ्या आम्हीच!

अर्ध्या तासात घराची झडती

* फ्लॅटला स्वतंत्र मीटर असेल तर झोपताना रीडिंगचा फोटो काढा. रात्री पाणी न वापरता सकाळी आकडा बदललेला दिसला, तर गळती नक्की.
* सिंकखालचा पाइप, गीझरचे जोड, अँगल कॉक आणि वॉशिंग मशीनच्या नळीवरून कोरडा टिश्यू फिरवा. डोळ्यांना न दिसणारा थेंब टिश्यूला दिसतो.
* बाथरूमच्या भिंतीची दुसरी बाजू बघा. तिथे कपाट असेल तर ते सरकवा. फुगलेला रंग, कुबट वास, काळी बुरशी या खुणा.
* टाइल्सवर नाणं वाजवा. पोकळ आवाज आला तर ती टाइल सुटलेली असू शकते.
* माळ्यावर टाकी असेल तर बॉल कॉक पूर्ण बंद होतो का, ते टाकी भरल्यावर बघा.

काकूंच्या खोलीला गेल्या महिन्यात नवा रंग लागला. ट्यूबही लागली. आता रविवारी सकाळी बेल वाजली, की आम्ही बाथरूमकडे नाही, स्वयंपाकघराकडे धावतो. काकूंचा डबा परत द्यायचा राहिलेला असतो. आणि तो रिकामा कसा द्यायचा?