दुधाचा डबा आणि पायाखालची रेघ

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात आणि डोळ्यांसमोर धार काढून दूध मिळतं, यात कोल्हापूरकराला नवल नाही. आमच्या घरात नवल होतं ते गाडीचं. विजेवरची गाडी येऊन आठवडाही झाला नव्हता. आई मागच्या सीटवर बसली होती. मांडीवर स्टीलचा कडीचा डबा, त्यात तीन लिटर दूध, वर नुसतं टेकवलेलं झाकण. जुन्या डिझेल गाडीला दाबायचो तेवढाच पाय मी दाबला. झाकण एका बाजूनं उचललं आणि दूध आईच्या पदरावर.

"आरं, हळू की रं! कुटं आग लागलीया?"

पाय तोच होता, माणूसही तोच. मग दूध सांडलं कसं? या प्रश्नानं मला पुढचे पंधरा दिवस झोपू दिलं नाही, आणि जे कळलं ते इतकं सुंदर आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

डिझेल गाडीत आपण पाय दाबतो तेव्हा मध्ये बरंच काही घडावं लागतं. इंधन जास्त जातं, टर्बो फिरायला लागतो, इंजिनाचे फेरे वाढतात आणि मग कुठं जोर येतो. उभ्या इंजिनाला तर जोरच नसतो, म्हणून क्लच. दसऱ्याला दसरा चौकात राजाराम महाराजांची १९३६ची मेबॅक मोटार येते, तेव्हा गर्दी तिचा रंग बघते. मी आता तिच्या चालकाचा पाय आठवतो. एवढं जड धूड माणसाच्या चालीनं, एकही हिसका न देता पुढं सरकवायचं म्हणजे हाफ क्लचवर केवढा ताबा हवा! विजेच्या गाडीत आता बटणावर मिळणारा सौम्य मोड तेव्हा माणसाच्या घोट्यात असायचा.

विजेच्या मोटारीला उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर असतो. तारांच्या वेटोळ्यांतून जेवढा विद्युतप्रवाह जास्त, तेवढी चुंबकांची ओढ जास्त, आणि हा प्रवाह काही हजारांश सेकंदांत वाढवता येतो. वाट बघायची ती कशाचीच नाही. आणि पायाखालचं पॅडल? त्याला ना वायर ओढायची असते, ना झडप उघडायची. तिथं फक्त पाय किती खाली गेला हे मोजणारे सेन्सर असतात, तेही एकाऐवजी दोन. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर गाडी जोर द्यायचं थांबवते किंवा अगदी कमी करते. म्हणजे पॅडल दाबणं हा आता एक अर्ज झाला. तो वाचून मोटारीला किती प्रवाह द्यायचा हे एक छोटा संगणक ठरवतो, आणि ठरवताना त्याच्यापुढं एक रेघ असते: आडव्या बाजूला पाय, उभ्या बाजूला जोर.

सौम्य आणि नेहमीचा मोड यांतला फरक म्हणजे मुख्यतः ही रेघ. समजा, पाय एक तृतीयांश दाबलाय. नेहमीच्या मोडची रेघ तिथं चाळीस टक्के जोर देईल, सौम्य मोडची वीसच. मोटार तीच, बॅटरी तीच, चाकं तीच. कंपन्या नावं वेगवेगळी देतात: टेस्लाच्या गाडीत 'चिल' आणि 'स्टँडर्ड', नेक्सॉनमध्ये 'इको', 'सिटी', 'स्पोर्ट', महिंद्राच्या नव्या गाड्यांत 'रेंज', 'एव्हरीडे', 'रेस'. बटण दाबलं की गाडीचा स्वभाव बदलल्यासारखा वाटतो, आणि बदललेलं असतं ते बहुतेक एका आलेखाचं वळण.

दुसरी गोष्ट आणखी बारीक आहे. मोटारीकडून चाकाकडं जोर जातो तो गिअरच्या दात्यांमधून. उद्यमनगरातला कुठलाही मेस्त्री सांगेल की दात्यांत थोडा 'प्ले', म्हणजे मोकळी जागा, ठेवावाच लागतो. मोटारीनं एकदम जोर लावला तर दाते एकमेकांवर आदळून खट्‌ वाजेल. म्हणून संगणक आधी अगदी हलका जोर देऊन दाता दात्याला टेकवतो आणि मगच ओढायला लागतो. कुठल्याही मोडमध्ये, प्रत्येक सिग्नलला, आपल्या नकळत हे चाललेलं असतं. सौम्य मोडमध्ये त्यानंतरची ओढही बेतानं चढत जाते.

आता पुन्हा डब्याकडं. आईच्या डब्याची रुंदी २० सेंटिमीटर. गाडी ताशी ५० किलोमीटरचा वेग साडेचार सेकंदांत गाठत असेल, तर दुधाचा पृष्ठभाग सुमारे १७ अंशांनी तिरपा होतो आणि मागच्या कडेला दूध ३ सेंटिमीटर चढतं. तोच वेग नऊ सेकंदांत गाठला, तर दीड सेंटिमीटर. इथपर्यंत शाळेतलं गणित. पण दूध शहाण्यासारखं तिरपं होऊन थांबत नाही. ओढ एकदम बसली की ते हेलकावतं आणि पहिल्या हेलकाव्यात त्या ३ सेंटिमीटरच्या जवळजवळ दुप्पट चढतं. झाकण उडालं ते यानं. एवढ्या रुंदीच्या डब्यात दुधाच्या एका हेलकाव्याला साधारण अर्धा सेकंद लागतो. तीच ओढ एकदम न बसता त्या अर्ध्या सेकंदात चढत गेली, तर हेलकावा जवळपास उठतच नाही. शेवटी वेग तोच, वेळही जवळपास तेवढाच. पदर कोरडा राहणार की भिजणार, हे त्या अर्ध्या सेकंदावर ठरलं.

आपल्या कानातही असाच एक डबा आहे. आतल्या कानात जेलीसारख्या थरावर चुन्याचे बारीक खडे बसलेले असतात. गाडी पुढं निघाली की खडे मागं रेंगाळतात, खालचे केस वाकतात आणि मेंदूला बातमी जाते. चालवणाऱ्याला पाय कधी दाबणार हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळं त्याचं अंग तयार असतं. मागं बसलेल्या आईला काहीच कल्पना नसते. म्हणून गाडीचा पिकअप चालवणाऱ्याला गंमत वाटतो आणि मागच्याला मळमळतं. मोड निवडताना मत मागच्या सीटचं घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

सौम्य मोडनं बॅटरी वाचते का, हे सगळेच विचारतात. थोडी. दीड टनाची गाडी ताशी ५० वर न्यायला सुमारे ०.०४ युनिट लागतं, म्हणजे एका युनिटचा पंचविसावा भाग, मग ती कशीही न्या. दुप्पट प्रवाहानं तारा चौपट तापतात, पण निम्माच वेळ; म्हणजे उष्णतेत जाणारी वीज दुप्पट. ही रक्कम मुळात लहान आहे. मोठी रक्कम वाचते ती पुढचा सिग्नल लांबूनच बघितल्यानं. आणि पन्हाळ्याला जाताना तर मोड बिचारा काय करणार? शहरापासून गड सुमारे ४०० मीटर उंच. दीड टन तिथवर उचलायचं म्हणजे १.६ युनिट मोजावीच लागतात. उतरताना मोटार उलटी जनित्र होऊन त्यातली काही परत देते, हे पडद्यावर बघताना मला अजूनही भरून येतं. वर चार्जिंग करून बॅटरी गच्च भरली असेल, तर मात्र परत आलेली वीज ठेवायला जागा नसते.

एका ठिकाणी मी सौम्य मोड आठवणीनं काढतो. हंगामात गगनबावड्याच्या रस्त्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. मागं लाल दिवा असेलच असं नाही, रस्त्यावर पाचट पडलेलं. ओव्हरटेक करताना समोरच्या लेनमध्ये जितका कमी वेळ राहू तितकं बरं. काही गाड्या सौम्य मोडमध्येही पाय पूर्ण खाली गेला की सगळा जोर देतात, काही देत नाहीत. आपली कुठली, हे रिकाम्या रस्त्यावर आधी बघून ठेवायला हवं; ट्रॉलीच्या बाजूला गेल्यावर कळून उपयोग नाही. पावसात मात्र त्याच रस्त्यावर मी पुन्हा सौम्य मोडवर येतो. ओल्या, लाल चिखलानं माखलेल्या डांबरावर टायर जेवढं पकडू शकतो त्याहून जास्त जोर पायाच्या चुकीनंही त्याच्यापर्यंत जाऊ नये.

गेल्या रविवारी सौम्य मोड लावून पुन्हा दूध आणलं. घरी आईनं झाकण काढलं आणि मी दुधाऐवजी डब्याच्या आतल्या भिंतीकडं बघत बसलो. दूध जिथवर चढलं होतं तिथवर सायीसारखी पांढरी रेघ उमटली होती. मागच्या बाजूला जेमतेम एक बोट. पुढच्या बाजूला चांगली तीन बोटं. आईनं ती बोटानं पुसली आणि म्हणाली, "ही पापाच्या तिकटीची. रिक्षा आडवी आली तवा ब्रेक मारलास न्हवं, तितली."