एका बाइटचं कुलूप

ॲपमधली परवान्याची तपासणी लिहिताना कितीही खपलं, तरी डीबगरमध्ये उघडल्यावर सगळं एका प्रश्नाशी येऊन थांबतं: क्रमांक खरा की खोटा? माझ्या विंडोजवरच्या ॲपमध्ये त्या जागी हेक्समध्ये ७४ हा बाइट दिसतो. ‘तुलनेतल्या दोन्ही किमती सारख्या असतील तर उडी मार.’ क्रॅक करणारा त्याचा ७५ करतो: ‘सारख्या नसतील तर.’ फाइल सेव्ह केली की काम फत्ते. गंमत म्हणजे आता वाट्टेल तो क्रमांक चालतो, फक्त खरा तेवढा चालत नाही! मुरलेला क्रॅकर म्हणून तिथे ईबी लिहितो. ती बिनशर्त उडी.

हे थांबवता येत नाही. मशीन त्याचं, फाइलही त्याच्याच हातात.

कीजेन, म्हणजे चालणारे क्रमांक बनवून देणारा प्रोग्राम, मात्र थांबवता येतो. क्रमांक तपासायचं सूत्र ॲपमध्येच असेल, तर ते वाचून कुणीही नवे क्रमांक पाडू शकतो. म्हणून मी ग्राहकाच्या नाव-ईमेलवर प्रायव्हेट कीने डिजिटल सही करतो; ॲपमध्ये जाते ती फक्त पब्लिक की. तिने सही पडताळता येते, करता येत नाही. मग उरतं फाइलमध्ये फेरफार करणं, आणि ते दर अपडेटला नव्याने करावं लागतं. एकट्याने धंदा करणाऱ्याला एवढं संरक्षण पुरे, असं माझं मत. याहून कडक संरक्षण ग्राहकालाच जाचतं: डीटीपीवाल्यांना संगणकाच्या पोर्टला लावायचं लॉक आठवत असेल. ते हरवलं की पैसे भरलेलाच अडकायचा.

ग्रीनहार्ट गेम्सच्या क्लुग बंधूंनी २०१३ मध्ये वेगळाच डाव टाकला. ‘गेम डेव्ह टायकून’ची क्रॅक केलेली प्रत त्यांनी स्वतःच टॉरंटवर सोडली. गेम कंपनी चालवण्याचा हा खेळ. त्या प्रतीत मात्र काही तासांनी पायरसीमुळे खेळाडूची कंपनी बुडू लागते. पहिल्या दिवशी विकतच्या प्रतीचे खेळाडू २१४, फुकट्या प्रतीचे किमान ३,१०४. त्यातल्या काहींनी चक्क तक्रार केली, की लोक आमचे गेम चोरतात, आता करायचं काय?

ते सगळे ३,१०४ गिऱ्हाईक होते, असं मी धरत नाही. फुकट मिळालं म्हणून घेणारा त्या गेमचे तेव्हाचे आठ डॉलर मोजेलच असं नाही. पण इंटरनेट नसताना परवाना नाकारला, तर पैसे मोजलेला माणूस परतावा मागतो आणि पुन्हा फिरकत नाही. म्हणून माझी तपासणी ऑफलाइन चालते, आणि माझा उरलेला वेळ जातो प्रिंटिंगच्या बगवर.